नाही म्हणू शकणारा हिशेबनीस



मोठ्या कंपनीत पैशाचे काम पाहणारी वरिष्ठ माणसे कोणकोणती असतात आणि त्यांच्या कामांत फरक काय, हा आजचा विषय. मी तो कळवला तेव्हा जेऊरच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांपैकी एकांनी सरळ विचारले, "सर, गावाला याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करतो. तुमचा ऊस कारखान्याला जातो. आपल्या करमाळा तालुक्यातच आदिनाथ आणि मकाई असे दोन सहकारी कारखाने उभे राहिले. उजनी धरणाच्या पाण्यावर कंदर, जेऊर भागात केळी झाली आणि ती आता कंटेनरमधून आखाती देशांत जातात. गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत, पतसंस्था तर त्याआधीपासून आहेत. या प्रत्येक ठिकाणी तुमचा पैसा आहे. तो पैसा कोण लिहितो, कोणाच्या ताब्यात असतो, त्यावर कर्ज कोण काढतो आणि हे सगळे कोण तपासतो, हे भागधारकाला माहीत नसेल तर त्याचे मालकपण भागाच्या दाखल्यापुरते उरते.

आधी लेखा आणि वित्त यांतला मूळ फरक पाहू. शहरातले पदवीधरही हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात. आपल्या जिल्हा परिषदेत तर 'मुख्य लेखा व वित्त अधिकारी' असे एकच पद आहे, त्यामुळे गोंधळ स्वाभाविक आहे. साखर कारखान्यात हा फरक स्वच्छ दिसतो, म्हणून तिथलाच हिशेब घेऊ.

समजा, एका कारखान्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला आणि साखरेचा उतारा १०.२५ टक्के पडला. २०२४-२५ च्या हंगामासाठी या उताऱ्याला केंद्र सरकारने क्विंटलला ३४० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवली होती, म्हणजे टनाला ३,४०० रुपये. तोडणी-वाहतूक धरून उसाचे देणे झाले १७० कोटी रुपये. साखर तयार झाली ५ लाख १२ हजार ५०० क्विंटल. आता ही साखर एका दिवसात विकता येत नाही. जून २०१८ पासून कोणत्या कारखान्याने कोणत्या महिन्यात किती साखर विकायची, याचा कोटा केंद्र सरकार ठरवते. गाळप चालते चार-पाच महिने आणि विक्री चालते वर्षभर. पण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणून कारखाना साखर बँकेकडे तारण ठेवतो. २०१९ मध्ये ठरलेला किमान विक्री दर क्विंटलला ३,१०० रुपये होता. बँकेने तेच मूल्य धरले आणि त्यावर ८५ टक्के उचल दिली, तर हाती येतात सुमारे १३५ कोटी. देणे १७० कोटींचे. मधले ३५ कोटी कुठून आणायचे? शिवाय कामगारांचे पगार, दुरुस्ती, मागच्या कर्जाचे हप्ते आहेतच. बाजारभाव चढा असेल, इथेनॉल आणि विजेचे पैसे वेळेवर आले, तर ही तूट कमी होते. पण मूळ अडचण वेळेची आहे आणि ती दर हंगामात असतेच.

या एकाच चित्राकडे दोन माणसे पाहत असतात. कारखान्यातला चीफ अकौंटंट पाहतो काय घडले ते. काटा पावतीप्रमाणे ऊस किती आला, साखर किती पोती झाली, ३१ मार्चला गोदामात शिल्लक किती, तिचे मूल्य काय धरायचे, शेतकऱ्याचे देणे पुस्तकात पूर्ण दाखवले की नाही. शिल्लक मालाची किंमत उत्पादनखर्च किंवा विकून मिळण्याजोगी रक्कम यांपैकी जी कमी असेल ती धरायची, हा त्याचा नियम. दर वाढेल या आशेवर त्याला चढी किंमत लिहिता येत नाही. वित्त पाहणारा माणूस पुढचे पाहतो. येत्या १४ दिवसांत किती लागणार, बँक किती देणार, व्याज किती पडणार, साखर आज कोट्यात विकावी की महिनाभर थांबावे, इथेनॉल प्रकल्पासाठी घेतलेले कर्ज किती वर्षांत फिटेल. पहिला म्हणतो, यंदा नफा आहे. दुसरा म्हणतो, पैसे नाहीत. दोघांचेही खरे असते. 'ताळेबंदात नफा दाखवला, मग बिल का थकवले?' हा सर्वसाधारण सभेत हमखास येणारा प्रश्न या फरकातून जन्मतो. त्याला समोरून धड उत्तर मिळत नाही, कारण व्यासपीठावरच्या बऱ्याच जणांनाही तो फरक समजावून सांगता येत नाही.

मोठ्या कंपनीत हीच दोन कामे पुढे अनेक खुर्च्यांत वाटली जातात. सर्वात वर मुख्य वित्तीय अधिकारी, म्हणजे सीएफओ. भांडवल कुठून आणायचे, कशात गुंतवायचे, बँका आणि गुंतवणूकदारांना काय सांगायचे, हे त्याचे काम. काही कंपन्यांत वित्त संचालक असतो. तो संचालक मंडळाचा सभासद असतो, त्यामुळे मंडळाच्या निर्णयाची जबाबदारीही त्याच्यावर येते. प्रत्येक सीएफओ संचालक असतोच असे नाही. त्याच्या हाताखाली कंट्रोलर असतो, आपल्याकडे त्याला जनरल मॅनेजर अकाउंट्स असेही म्हणतात. महिना संपला की पुस्तके बंद करणे, नोंदी नियमाप्रमाणे झाल्या का पाहणे, कोणते बिल कोणाच्या सहीने निघेल याची शिस्त सांभाळणे हे त्याच्याकडे. ट्रेझरर रोकड, ठेवी, कर्जे आणि परकीय चलन सांभाळतो. कॉस्ट अकाउंटंट एका पोत्याला, एका नगाला खरा खर्च किती आला ते काढतो. अंतर्गत लेखापरीक्षक कंपनीच्या आत राहून तपासतो, वैधानिक लेखापरीक्षक बाहेरून येऊन तपासतो आणि भागधारकांना अहवाल देतो.

पुणे, चाकण, चिंचोळी अशा ठिकाणच्या कारखान्यांत नोकरी करणारी जेऊरची मुले इथे बसली असतील. त्यांनी 'डॉटेड लाइन' हा शब्द ऐकला असेल. प्लांटचा अकाउंट्स प्रमुख रोज प्लांट हेडच्या हाताखाली काम करतो, पण हिशेबाच्या बाबतीत तो मुख्य कार्यालयातल्या कंट्रोलरला जबाबदार असतो. ही तुटक रेघ फार महत्त्वाची आहे. प्लांट हेड म्हणाला, "या महिन्याचा माल पुढच्या महिन्यात गेला तरी विक्री याच महिन्यात दाखव," तर अकाउंट्सवाल्याला नकार देण्यासाठी पाठीमागे कोणीतरी हवे. ती रेघ कागदावरच राहिली, तर वार्षिक बढतीचा शेरा लिहिणारा प्लांट हेडच त्याचा खरा मालक होतो.

माझे सगळे आयुष्य हिशेबाच्या खात्यात गेले. त्यातून माझे जे मत झाले आहे, ते आज स्पष्टपणे मांडतो. या पदांतला खरा फरक पगाराचा नाही आणि पायरीचाही नाही. पैसा लिहिणारा, राखणारा, योजणारा आणि तपासणारा ही चार माणसे वेगळी असावीत, आणि त्यांतल्या धाकट्याला थोरल्यासमोर 'ही नोंद मी करणार नाही' असे म्हणता यावे, यासाठी ही पदे निर्माण झाली. हा नकाराचा अधिकार गेला की पदे नुसत्या दारावरच्या पाट्या होतात.

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीत नेमके हेच घडले. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे हा तिचा रोजचा मोठा खर्च. नफा कमी दिसू लागला तेव्हा सीएफओ स्कॉट सुलिव्हन यांच्या सांगण्यावरून हा खर्च मालमत्तेच्या खात्यात टाकला जाऊ लागला. खर्च मालमत्ता म्हणून लिहिला की तो त्या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही. कंट्रोलर डेव्हिड मायर्स यांना यात गैर आहे हे कळत होते. लेखा विभागातल्या बेटी विन्सन यांनाही कळत होते, त्यांनी राजीनाम्याचा विचारही केला होता. पण दोघांनी नोंदी केल्या. अंतर्गत लेखापरीक्षा विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर रोजच्या कारभारात सुलिव्हन यांच्याच हाताखाली होत्या. तरी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह संध्याकाळी उशिरापर्यंत बसून नोंदी शोधल्या आणि थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षा समितीकडे गेल्या. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा खोटा हिशेब जाहीर झाला. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुढे हा आकडा सुमारे ११ अब्जांवर गेला. मुख्य कार्यकारी एबर्स यांना २५ वर्षांची शिक्षा झाली, सुलिव्हन यांना पाच वर्षांची, मायर्स यांना एक वर्ष एक दिवसाची, विन्सन यांना पाच महिन्यांची.

विन्सन यांच्या पाच महिन्यांचा विचार मी पुष्कळदा करतो. कट त्यांनी रचला नव्हता, वरिष्ठांनी सांगितलेली नोंद त्यांनी केली. पण न्यायालयाने 'साहेबांनी सांगितले' हे उत्तर पुरेसे मानले नाही. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे आत्ताच मनाशी पक्के करावे.

आपल्या देशात सत्यम कंपनीचे प्रकरण ७ जानेवारी २००९ रोजी उघड झाले. अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच्या पत्रात कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. बँकेतली शिल्लक ही तपासायला सर्वात सोपी गोष्ट आहे. बँकेकडून परस्पर दाखला मागवायचा. लिहिणारे, राखणारे आणि तपासणारे खरोखर वेगळे वागले असते, तर ही लबाडी एका तिमाहीपलीकडे टिकली नसती. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये ज्यांना दोषी ठरवले, त्यांत कंपनीचे सीएफओ आणि बाहेरचे लेखापरीक्षकही होते.

कोणाला वाटेल की ही कामांची वाटणी पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आली. तसे नाही. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि कोठार. एकट्याने गड फितवता येऊ नये आणि एकट्याने कोठार रिकामे करता येऊ नये, अशी ती रचना होती. सुभ्याच्या कारभारात दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे आठ दरकदार, म्हणजे अधिकारी, असत. मुजुमदार हिशेब तपासणारा, फडणीस नोंदी ठेवणारा, पोतनीस रोकड मोजणारा, जामदार खजिना राखणारा. आजच्या कंट्रोलर, अकाउंटंट, कॅशियर आणि ट्रेझरर या चौघांची कामे त्यात ओळखू येतात. पेशवाईत मामलेदाराला या दरकदारांना परस्पर काढता येत नसे. त्यांची नेमणूक वरून होई आणि त्यांच्या खुणेवाचून मामलेदाराचे कागद पुरे मानले जात नसत. म्हणजे हाताखालच्या माणसाला वरच्या माणसाच्या मर्जीपासून वाचवण्याची सोय त्या काळी विचारपूर्वक केली होती.

ती सोय पुढे बिघडली, हेही सांगितले पाहिजे. दरक वंशपरंपरेने चालू लागले, बापाची नोकरी मुलाला मिळू लागली. मग तपासणाऱ्याला नोकरी जाण्याची भीती राहिली नाही आणि काम करण्याची गरजही राहिली नाही. माझ्या मते लेखापरीक्षक दर काही वर्षांनी बदलण्याचा आजचा नियम या जुन्या दुखण्यावरचाच उपाय आहे.

सरकारी कामकाजातली वाटणी इथल्या शिक्षकांना रोज दिसते. तुमचे पगारबिल आहरण व संवितरण अधिकारी तयार करतो, पैसे कोषागार तपासून देते आणि हिशेब पुढे महालेखापालांकडे जातो. केंद्र सरकारात १९७६ पर्यंत हिशेब लिहिणे आणि तपासणे ही दोन्ही कामे नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडेच होती. त्या वर्षी केंद्राचे हिशेब त्यांच्याकडून काढून खात्यांकडे दिले गेले आणि त्यांच्याकडे तपासणीचे काम राहिले. उशीर झाला, पण निर्णय योग्य होता.

आता कंपनी कायदा. २०१३ च्या कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला आणि १० कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या इतर सार्वजनिक कंपनीला पूर्णवेळ सीएफओ आणि कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. ताळेबंदावर सीएफओची सही लागते. नोंदलेल्या कंपनीत मुख्य कार्यकारी आणि सीएफओ दोघांना संचालक मंडळापुढे लेखी प्रमाणपत्र द्यावे लागते की आम्ही हिशेब पाहिले आणि त्यांत खोटे काही नाही. सीएफओ नेमण्याआधी लेखापरीक्षा समितीची मान्यता लागते. वैधानिक लेखापरीक्षकाला मुदतीपूर्वी काढायचे तर केंद्र सरकारची परवानगी आणि भागधारकांचा विशेष ठराव हवा. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहणे कंपन्यांना सक्तीचे झाले. टॅलीत एडिट लॉग आला तो यामुळे. मार्चअखेरीला मागच्या तारखेने नोंदी घालण्याची जुनी खोड त्यामुळे निदान दिसू तरी लागली.

पण कायद्याची ही छत्री बरीचशी मोठ्या कंपन्यांवरच आहे. आपल्या गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सीएफओची सक्ती नाही. दहा शेतकरी एकत्र आले की अशी कंपनी काढता येते. तिला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो कृषी पदवीधर तरुण असतो, प्रामाणिक आणि राबणारा. केळी खरेदी तोच करतो, काट्यावर तोच उभा असतो, बिल तोच करतो, टॅलीत नोंद तोच घालतो, बँकेत चेकही तोच घेऊन जातो. कंटेनर बंदरावर गेला की निर्यातदाराकडून पैसे यायला वेळ लागतो, शेतकऱ्याला मात्र आठ दिवसांत हवे असतात. म्हणजे कारखान्याचे १४ दिवसांचे दुखणे इथेही आहे, फक्त आकडा लहान आहे. ते निभावण्यासाठी तो एका व्यापाऱ्याचे आलेले पैसे दुसऱ्या लॉटच्या शेतकऱ्यांना देतो. हेतू चांगला असतो. पण वर्षाच्या शेवटी कोणत्या लॉटमध्ये काय उरले, हे त्यालाही सांगता येत नाही, आणि पहिला संशय त्याच्यावरच येतो. कामे वेगळी केली तर संस्थेबरोबर त्या मुलाचीही अब्रू राखली जाते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. पुष्कळ छोट्या कंपन्यांत जे सीए ऑफिस वर्षभराच्या नोंदी लिहून देते, तेच लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करते. कलम १४४ प्रमाणे लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचे हिशेब लिहिण्याचे काम घेता येत नाही. दोन वेगळ्या माणसांची फी परवडत नाही, असे संचालक सांगतात. मला ही सबब मान्य नाही. बारावी वाणिज्य झालेली, टॅली शिकलेली मुलगी या गावात मिळते. तिला रोज दोन तास नोंदीचे काम द्या, पगार द्या. सीईओने खरेदी पाहावी, तिने लिहावे, चेकवर दोन संचालकांच्या सह्या असाव्यात आणि सीएने फक्त तपासावे. उत्पादक कंपनीला सनदी लेखापालाकडून अंतर्गत लेखापरीक्षण करून घेणे कायद्यानेच सांगितले आहे. ते किती कंपन्यांत मनापासून होते, हे तुम्ही आपापल्या कंपनीत विचारा.

एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात ३१ मार्चची साखर किती किमतीने धरायची यावरून वाद झाला. वरून सांगणे होते की दर वाढणार आहेत, तेव्हा चढा दर धरा, म्हणजे तोटा दिसणार नाही आणि बँक नवे कर्ज देईल. तिथल्या चीफ अकौंटंटनी नकार दिला. उत्पादनखर्चाची आणि त्या दिवशीच्या निविदा दराची तुलना करून त्यांनी दोन पानी टिपण लिहिले आणि ते फाइलला लावले. महिन्याभरात त्यांची बदली स्टोअरला झाली. पुढच्या माणसाने हवा तो दर धरला. कर्जही मिळाले. पण दर वाढले नाहीत, आणि ते कर्ज पुढची काही वर्षे उसाच्या बिलातून वजा होत राहिले. त्या दोन पानांची किंमत त्या कारखान्याच्या सभासदांना कोणी कधी सांगितली नाही. असा माणूस बाजूला काढला जातो तेव्हा सभासदाचा पैसा बाजूला काढण्याची वाट मोकळी होते, असे मी आज जाहीरपणे म्हणतो.

सहकारात पहिली पावले टाकली गेली तेव्हा ही जाण होती. प्रवरानगरच्या कारखान्यामागे विठ्ठलराव विखे पाटील यांची माणसे जोडण्याची ताकद होती आणि अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. योजना करणारे डोके आणि शेतकऱ्यांचा विश्वास या दोन्ही गोष्टी एका संस्थेत, पण वेगवेगळ्या माणसांत होत्या. पुढे बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष हाच योजक, तोच खजिनदार आणि हिशेबनीस त्याच्या मर्जीतला, असे झाले. महाराष्ट्रात जे कारखाने बंद पडले किंवा विकले गेले, त्यांच्या कारणांत दुष्काळ आहे, साखरेचे पडलेले दर आहेत, आणि ही एकहाती सत्ताही आहे.

सप्टेंबरअखेरपर्यंत तुमच्या कारखान्याची, पतसंस्थेची, उत्पादक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा होईल. अहवाल आठ-पंधरा दिवस आधी हाती येतो. माझी विनंती आहे की अध्यक्षांच्या फोटोचे पान उलटून लेखापरीक्षकांचा अहवाल वाचा. मग सभेत उभे राहून शांतपणे विचारा: आपले हिशेब कोण लिहितो? चेकवर कोणाच्या सह्या असतात? अंतर्गत लेखापरीक्षक आपला अहवाल कोणाला देतो, अध्यक्षांना की पूर्ण संचालक मंडळाला? आपला चीफ अकौंटंट गेल्या तीन वर्षांत कितीदा बदलला आणि का? उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या वर्षी ते इतिवृत्त घेऊन पुन्हा सभेला या.